पाच लिहिता येणार नाहीत

इंदूरच्या छत्रीबागेतल्या पागनिसांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांपासून पापडाच्या डब्यापर्यंत सगळं काही एकाच लाल धाग्यानं बांधलेलं असे. त्या धाग्याचा मोठा गोळा खिडकीजवळच्या कोनाड्यात पडलेला होता. वर्षानुवर्षं वापरूनही तो लहान होत नव्हता, कारण बाबूराव पागनीस मिलमधून येताना रोज मूठभर धागा खिशात घालून आणत.

बाबूराव फोल्डिंग खात्यात कापड तपासनीस होते. उतरत्या टेबलावरून कापड सरकत जाई. त्यात कुठे उभा ताणा तुटलेला, आडवा बाणा सुटलेला किंवा तेलाचा डाग पडलेला दिसला, की त्या जागी कापडाच्या किनारीला लाल धाग्याची गाठ मारायची, हे त्यांचं काम. माल घेणाऱ्या व्यापाऱ्यानं गाठी मोजायच्या आणि तेवढी सूट मागायची, असा जुना रिवाज होता. गाठ म्हणजे मिलनं आपल्या तोंडानं दिलेली कबुली, असं ते अंबिकेला ती लहान असताना मोठ्या अभिमानानं सांगत. पुढे मिलचे दिवस फिरले. वरून तोंडी हुकूम आला, की तपासणी झाली हे दिसण्यापुरत्या गाठी बांधा, आणि गठ्ठे बांधायच्या आधी सोडून घ्या. तेव्हापासून बाबूराव सकाळी ज्या गाठी मारत त्याच दुपारी सोडत. सोडलेला धागा वाया कशाला घालवायचा, म्हणून तो घरी येऊ लागला.

नव्वद सालानंतर मिलचा भोंगा कायमचा थांबला. मिल धाग्यामुळे बंद पडली असं म्हणणं अर्थातच बरोबर नाही. माग जुने झाले होते, कर्ज डोक्यावर होतं, बाजार उघडला जात होता, आणि इंदूरच्या दुसऱ्या मिलांची गतही काही वेगळी नव्हती. पण अंबिकेच्या लेखी कारण एकच होतं: त्या सोडलेल्या गाठी. ते चुकीचं असलं, तरी तिच्या पुढच्या वागण्याचा उगम तिथेच शोधावा लागतो. तेव्हा ती एम.एस्सी. होऊन नोकरी शोधत होती. एका दुपारी पानात लोणचं वाढण्यासाठी तिनं बरणीची गाठ सोडली, बोटांना धाग्याचा तो गुळगुळीत स्पर्श झाला, आणि बरणी तशीच ठेवून तिनं बोटं पदराला पुसली. त्या दिवसापासून तिनं लोणचं सोडलं.

"लोणच्यानं तुझं काय घोडं मारलंय गं?" तिची आई वसुंधराबाई विचारी.

"लोणच्यानं नाही."

"मग कोणी?"

बाबूराव हसत. "रहने दो. पढीलिखी आहे ती. तिला आता आमचा धागा पण टोचतो."

शहराबाहेर राऊ गावाच्या वाटेवर तेव्हा एक नवं खासगी अभियांत्रिकी कॉलेज उभं राहिलं होतं. कमान आधी बांधली गेली आणि वर्ग मागाहून. तिथल्या धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत अंबिका हंगामी सहायक म्हणून लागली. दर वर्षी नेमणूक, दर वर्षी खंड, पुन्हा नेमणूक. मिल बंद झाल्यावर घरात येणारा तेवढाच पगार होता. विभागप्रमुख डॉ. अशोक तारे इंदूरचेच, जुन्या मराठी घरातले. माणूस विद्वान होता यात शंका नाही. धातूचा तुकडा बेकेलाइट या कडक प्लास्टिकच्या वडीत कसा बसवायचा, कागदावर घासून आणि मग मखमलीवर फिरवून आरशासारखा कसा करायचा, आम्लाचा नेमका किती हात द्यायचा म्हणजे धातूच्या पोटातली रचना सूक्ष्मदर्शकाखाली उघडी होते, हे सगळं अंबिकेला त्यांनीच हाताला हात लावून शिकवलं. "डोळ्यांवर विश्वास ठेव, हातावर नको," असं ते म्हणत. अंबिका हे वाक्य देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपत होती.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात युरोपातून एक लहानशी पेटी आली. नऊ देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून एक अभ्यास हाती घेतला होता आणि सरांनी जुन्या ओळखी वापरून त्यात कॉलेजचा शिरकाव करून घेतला होता. पेटीत बोटाएवढ्या जाडीच्या नळीची एक चकती होती, अंगठीसारखी. अशा नळ्या झिर्कोनियम या धातूच्या असतात. अणुभट्टीत वापरायचं इंधन गोळ्यांच्या रूपात त्यांच्यात भरलेलं असतं. इंधन जळून गेलं तरी ते जहाल राहतंच. ते बरीच वर्षं पाण्याच्या हौदात आणि मग कोरड्या पिंपांत सांभाळावं लागतं, आणि त्या सगळ्या काळात ते आणि बाहेरचं जग यांच्यामधला पहिला पडदा म्हणजे ही पातळ नळी. आलेली चकती कधी भट्टीत गेलेली नव्हती, तेव्हा तिची भीती नव्हती. तिच्यात हायड्रोजन मात्र मुद्दाम मुरवलेला होता, कारण वापरलेल्या नळीत तो मुरतोच.

हा हायड्रोजन धातू थंड होताना बारीक पापुद्र्यांच्या रूपानं गोठतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते पापुद्रे काळ्या धाग्यांसारखे दिसतात. धागे नळीच्या वेढ्याबरोबर वळलेले असतील तर नळी तग धरते. पण नळी आतून दाब असताना थंड झाली, तर त्यांतले काही धागे आरपार, आतून बाहेर असे उभे राहतात, आणि अशी नळी धक्क्यानं काचेसारखी तडकू शकते. शंभरात किती धागे आरपार आहेत ते मोजायचं, इतकंच काम प्रत्येक प्रयोगशाळेला दिलेलं होतं. मोजणी यंत्र करत नाही, माणसाचा डोळा करतो. म्हणून तर वेगवेगळ्या डोळ्यांची उत्तरं कितपत जुळतात हे त्यांना पाहायचं होतं. सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की निकाल पोचेपर्यंत कोणी कोणाशी आकड्यांबद्दल बोलू नये.

अंबिकेनं चकती वडीत बसवली, घासली, आम्लात धरली आणि मोजली. शंभरात पाच. पुन्हा घासून पहिल्यापासून सगळं केलं. पाच. तिसऱ्यांदाही पाचच.

विभागात पुण्याहून आलेला समीर गुप्ते नावाचा तरुण प्राध्यापक होता. कडक इस्त्री, स्वच्छ मराठी आणि टेबलावर नवा संगणक. आकडा ऐकून तो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, पाच? नक्की?"

"तीनदा मोजलं."

"मग घोळ आहे. माझा एक वर्गमित्र यातल्याच एका लॅबमध्ये आहे. त्यांचे एक्केचाळीस आलेत. त्यानं आणखी एका ठिकाणी विचारलं, तिथे छत्तीस."

"तुम्ही विचारलंत कशाला? बोलू नका म्हणून लिहिलंय ना त्यांनी?"

"अहो, लिहिलेलं असतंच. म्हणून काय मागचं उत्तर न बघता गणित सोडवायचं?"

हे तो थट्टेत म्हणाला नव्हता. कॉलेजात प्रयोग करण्याची रीतच ती होती. विद्यार्थी आधी मागच्या वर्षीच्या मुलाकडून उत्तर घेत, मग उत्तरावरून आलेख काढत आणि शेवटी आलेखावरून निरीक्षणं लिहीत. खरोखर मोजून ज्याचा आलेख वाकडा येई, त्याचे गुण जात. परीक्षकही तसेच शिकलेले होते, त्यांचे परीक्षकही तसेच. जग सगळीकडे उत्तरापासून सुरू होतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. या समजुतीला प्रामाणिक म्हणावं लागतं, हीच त्यातली सगळ्यांत ओंगळ गोष्ट.

तारेसर आले. समीरनं त्यांना सगळे आकडे सांगितले. चष्मा कपाळावर सरकवून ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. नळीचा पूर्ण वेढा त्यांनी सावकाश फिरवून पाहिला. अंबिका शेजारी उभी होती. सर चूक दाखवतील, किंवा चूक नाही असं म्हणतील; दोन्हीची तिची तयारी होती.

"पॉलिश जब्बर झालंय," ते म्हणाले. "पाचच आहेत."

अंबिकेनं श्वास सोडला.

"पण पाच लिहिता येणार नाहीत."

"सर?"

"अगं, नऊ देशांत आपण एकटेच पाच. म्हणतील, ह्यांना मोजता येत नाही. मॅनेजमेंटनं ब्रोशरमध्ये छापून टाकलंय, इंटरनॅशनल रिसर्च. इज्जतचा सवाल आहे, यार." मग त्यांनी चकती पुन्हा फिरवली आणि कापताना जिथे कड दबली होती तिथे थांबवली. तिथले चार-दोन धागे ताणामुळे वाकून आरपार दिसत होते. "हे बघ. हा कोपरा घे. इथलाच फोटो मोठा कर. इथे मोजलंस तर अडतीस सहज निघतील. खोटं कुठे आहे? हे पण नळीतच आहे."

अंबिकेला वाटलं, सरांना दिसत नसतं तर किती बरं झालं असतं. आंधळ्या माणसाची कीव तरी करता येते. हा डोळा तर तिच्याहून तयार होता. तो सगळं बघून, नीट ओळखून, मग शांतपणे त्या दबलेल्या कडेवर जाऊन बसला होता. उकिरड्यावरची माशी तरी इतकं निवडून बसत नाही.

"माझ्या नावानं अडतीस नाही जाणार, सर."

"जुलैत कायम जागा निघतेय. शिफारस कोणाची लागते, तुला माहीत आहे ना?"

"हो."

"तरी?"

"तरी."

सरांना राग आला नाही. त्यांनी समीरकडे पाहिलं. "गुप्ते, मोजणारे तुम्ही."

"चालेल की, सर," समीर म्हणाला.

"त्यांनी तर सूक्ष्मदर्शकाला डोळाही लावलेला नाही," अंबिका म्हणाली.

"फोटो बघितला ना, मॅडम. फोटोवरून मोजतो."

अहवाल गेला त्या दिवशी सरांनी विभागात कचोऱ्या मागवल्या. समीरनं तेलकट बोटांनी तो फोटो उचलून सगळ्यांना दाखवला. चिंचेच्या चटणीचा थेंब त्या काळ्या धाग्यांवर पडला, आणि समीरनं तो हळूच चाटून घेतला. अंबिका आपली कचोरी तशीच ठेवून बाहेर आली. खान नदीच्या पुलावर ती रोज नाकाला पदर लावी; त्या दिवशी घरी जाताना तिनं तो लावला नाही. नदीत सगळ्या शहराची घाण वाहत होती, पण ती घाण निदान घाण म्हणूनच वाहत होती.

कोणती तरी भट्टी त्या आकड्यामुळे फुटणार होती, असं तिला वाटत नव्हतं. तिला तेवढं शास्त्र कळत होतं. पण नऊ ठिकाणच्या डोळ्यांवरून उद्या कोणी तरी ठरवणार होतं, की पिंपात ठेवण्याआधी हौदातून काढलेली नळी किती तापवून सुकवली तर चालेल. त्या नऊ डोळ्यांत एक डोळा कचोरी खात होता.

मार्चमध्ये युरोपातून पत्र आलं. भाषा अतिशय सभ्य होती. सगळ्यांना एकाच जातीची चकती पाठवलेली नव्हती, असं त्यात म्हटलं होतं. बहुतेकांच्या नळ्या दाबाखाली थंड केल्या होत्या. दोन प्रयोगशाळांना मात्र, न सांगता, दाबाविना थंड केलेली नळी दिली होती. तिच्यात आरपार धागे जवळजवळ नसायला हवेत. इंदूर त्या दोघांपैकी एक. आपला आकडा अडतीस आहे. कृपया तीच वडी परत पाठवावी, आणि सोबतच्या चिठ्ठीवर ती तयार करणाऱ्याचं व मोजणाऱ्याचं नाव लिहावं.

समीरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. सरांचा झाला नाही. त्यांनी अंबिकेला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला.

"तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "मी नेहमी म्हणतो, तुझी नजर माझ्यावर गेलीय."

चहा आला.

"आता बघ, आपण असं लिहू. पहिली मोजणी हंगामी सहायकेनं केली, नवखी होती, तिच्या हातून वडी बदलली, त्यामुळे अडतीस गेले. मागाहून प्राध्यापक गुप्त्यांनी तपासलं, तर पाच निघाले. तू दोन ओळी लिहून दे, की माझ्या हातून चूक झाली. जुलैत तू कायम. माझा शब्द."

"म्हणजे पाच त्यांचे, आणि अडतीस माझे?"

"पाच गेल्याशी मतलब. तुला पाचच हवे होते ना?"

सरांसमोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. सरांनी ती साय बोटानं बाजूला केली, बशीच्या काठाला पुसली आणि घोट घेतला.

"उद्यापर्यंत सांगते," ती म्हणाली.

घरी बाबूराव मिलच्या फाटकावरून नुकतेच आले होते. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ते रोज फाटकावर जाऊन बसत. अंबिकेनं सगळं सांगितलं. ते पाय चोळत ऐकत होते.

"लिहून दे ना बेटा," ते म्हणाले. "दो लाइन की तो बात है. कायम झालीस की कोण विचारतंय?"

"अप्पा, तुम्ही कायम होतात ना?"

"हौ. बावीस साल."

"गाठी बांधत होतात, आणि सोडत होतात. मग मिल चालली का?"

"धाग्यानं कुठे मिल चालते, अंबे?"

"मग सोडल्यात कशाला?"

"तू वकिलासारखी जिरहच करते यार," ते पुटपुटले आणि आत निघून गेले. स्वयंपाकघरात वसुंधराबाई एक बरणी बांधत होत्या. त्यांचा हात गाठीवरच थांबला. मग त्यांनी गाठ घट्ट ओढली.

दुसऱ्या दिवशी अंबिकेनं दोन ओळी लिहून दिल्या नाहीत. वडी बांधून टपालात टाकणं हे सहायकेचं काम होतं, ते मात्र तिनं नेहमीच्या नीटनेटकेपणानं केलं. वडी कापसात ठेवली. चिठ्ठीवर तयार करणाऱ्याच्या जागी आपलं नाव लिहिलं. मोजणाऱ्याच्या जागी दोन ओळी लिहिल्या. पहिली: अंबिका पागनीस, संपूर्ण वेढा, पाच. दुसरी: समीर गुप्ते, एका कोपऱ्याचा फोटो, अडतीस. खाली, वडी एकच. तक्रार केली नाही, खुलासाही नाही. मग चिठ्ठी घेऊन ती सरांच्या खोलीत गेली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

सरांनी वाचली. "हे पाठवणार?"

"हो. चोरून नको, म्हणून दाखवतेय."

"मी फाडून टाकली तर?"

"मी दुसरी लिहीन. आणि वडी तर जाणारच आहे, सर. तुम्ही मोजलेलीच आहे ती."

सरांनी चिठ्ठीची घडी घालून ती तिच्याकडे परत सरकवली. "मिलवाल्यांची पोर," ते म्हणाले. त्यांनी ती शिवी म्हणूनच दिली असावी. "जा. पाठव. आणि एकतीस तारखेनंतर येऊ नकोस."

संध्याकाळी ऐकून बाबूराव पलंगावर उठून बसले.

"काय लिहिलंस म्हणालीस? कोपरा कुठला, किती, सगळं?"

"सगळं."

"म्हणजे गाठ बांधून दिलीस की तू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं की धास्ती, हे घरातले आजही दोन तऱ्हांनी सांगतात. "मग आता माल परत येणार, सांगून ठेवतो."

माल परत आला नाही. जुलैतली कायम जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. अंबिका शहराजवळच्या पीथमपुरात प्लास्टिकचे पाइप करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला लागली. तिथेही वाकडे पाइप सरळ पाइपांच्या मधोमध बांधून पाठवत असत. ते पाहिलं की तिला पूर्वीसारखीच शिसारी येई, आणि त्यावरून दोनदा तिची पाळी बदलली गेली. तारेसर त्या अभ्यासाच्या समारोपाला परदेशी जाऊन आले. कॉलेजच्या पुढच्या ब्रोशरमध्ये ते एका मोठ्या टेबलाजवळ हसत उभे आहेत.

अभ्यासाचं छापील पुस्तक दोन वर्षांनी निघालं. त्यात सगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका तक्त्यात आहेत. इंदूरच्या ओळीत आकड्याच्या जागी आडवी रेघ आहे आणि रेघेवर एक फुली. तक्त्याखाली फुलीचा अर्थ दिला आहे: एकाच नमुन्याच्या दोन मोजण्या, चर्चेसाठी मजकूर पाहावा. मजकुरात त्याबद्दल एक ओळही नाही. दाबाविना थंड केलेल्या दुसऱ्या नळीचा आकडा मात्र त्या तक्त्यात नीट छापलेला आहे. तो सहा आहे.

अंबिकेला ते पुस्तक समीरनंच पाठवलं. का पाठवलं ते त्यालाच माहीत. तिनं तक्ता पाहिला, ती रेघ पाहिली, सहावर बोट ठेवलं. मग पुस्तक मिटून ती उठली, कोनाड्यातला लाल धाग्याचा गोळा उचलला आणि बाहेर निघाली.

"अगं, बरण्या कशानं बांधू मी?" वसुंधराबाई ओरडल्या.

"उघड्या राहू देत."

"बुरशी लागेल!"

"लागली तर दिसेल तरी, आई," अंबिका म्हणाली आणि नदीच्या बाजूला चालू लागली.